जुन्या जिप्सीची उंची वाढवायचीय: लांब शॅकल, नवे पाटे की थेट स्प्रिंग ओव्हर?

वेल्हेकर_जिप्सी
नमस्कार मंडळी. माझ्याकडे २००४ ची जिप्सी आहे, एमजी४१३डब्ल्यू, सॉफ्ट टॉप, एमपीएफआय. गाडी शोसाठी नाहीये, वेल्ह्याकडे वडिलांची थोडी शेती आहे तिथं जायला यायला, आणि पावसाळ्यात मित्र जमले की चिखलात घालायला. एरवी पुण्यात भाजी आणायला पण तीच. आता प्रॉब्लेम असा आहे की शेतावर जाणारा शेवटचा कच्चा रस्ता ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी पार खाल्लाय, दोन्ही बाजूला खोल चाकोऱ्या आणि मधे दगडमातीचा उंचवटा, जुलै उजाडला की चाकं चाकोरीत खाली जातात आणि डिफ (ॲक्सलच्या मधला गिअरचा गोळा) त्या उंचवट्यावर घासत जातं, गेल्या पावसाळ्यात तर एका दगडावर अशी बसली की ट्रॅक्टर लावून ओढावी लागली आणि वर त्या ट्रॅक्टरवाल्याचं हसणं ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच.

तर गाडी उचलायची ठरवलीय. तीन जणांना विचारलं, तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो स्प्रिंग ओव्हर करून टाका, पाटे (लीफ स्प्रिंग) हाउसिंगच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या ॲक्सलच्या नळीच्या, खालून काढून वर घ्यायचे, पाच इंच सरळ मिळतात, वर ३१ इंची टायर टाका विषय संपला. दुसरा म्हणतो लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसिसला टांगणारी जोडपट्टी) लावा, दोन तासांत होतं. तिसरा ट्रकचे पाटे करणारा आहे तो म्हणतो आहेत तेच पाटे तापवून कमान देतो, नवीन कशाला घेता. गाडीत आई पण बसते त्यामुळे चढायला शिडी लागेल असं काही नको. कुणाचं ऐकू?

पाटे_आणि_चहा
तिघांचंही नका ऐकू, आधी टेप घ्या 😄

सपाट फरशीवर गाडी लावा, चारही टायरमध्ये हवा सारखी करा, टाकी किती भरलीय ते लिहून ठेवा, आणि प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत मोजा. चार आकडे इथं टाका. वीस वर्षांच्या गाडीचे पाटे बसलेले असणारच, आणि आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे म्हणून जिप्सी उजवीकडे कलते, हे जवळजवळ प्रत्येक जुन्या गाडीत बघायला मिळतं. बऱ्याचदा लोक ज्याला लिफ्ट म्हणून पैसे देतात त्यातला निम्मा हिस्सा कंपनीतून आलेली उंची परत मिळण्यातच जातो.

आता महत्त्वाचं. तुम्ही म्हणताय डिफ घासतं. पाटे उचला, शॅकल लावा नाहीतर स्प्रिंग ओव्हर करा, डिफ एक मिलिमीटर सुद्धा वर येत नाही. लिफ्टने वर जाते ती चॅसिस आणि बॉडी. हाउसिंग चाकांना जोडलेलं, ते चाकाच्या मध्यावरच राहणार. लुंगी वर खोचली म्हणून पाय चिखलातून वर येत नाहीत, तसं आहे. कंपनी जो २१० एमएम ग्राउंड क्लिअरन्स सांगते तो त्या डिफखालचाच, आणि तो फक्त मोठ्या टायरने वाढतो.

हिशोब करून बघा. कंपनीचा २०५/७० आर१५ टायर साधारण ६६८ एमएम उंच. २१५/७५ आर१५ घेतला तर ७०३ च्या आसपास, म्हणजे डिफखाली वाढले १८ एमएम. २३५/७५ आर१५ घेतला तर ७३३, म्हणजे वाढले ३३ एमएम, जवळपास सव्वा इंच. हाच तुमचा खरा फायदा. लिफ्टचं काम एवढंच की तो मोठा टायर फेंडरला आणि पाट्यांना न लागता फिरावा, आणि चॅसिस, टाकी, ट्रान्सफर केस (फोर व्हीलचा गिअरबॉक्स) वगैरे थोडं वर जावं.

कोल्हापूरचा_रांगडा
काय राव पाटेवाले, पोराचा उत्साह मारू नका की वो 😂 माझी जिप्सी स्प्रिंग ओव्हरच आहे आणि मी लई खूश आहे. जिथं बाकीच्यांच्या गाड्या पोटावर बसतात तिथनं माझी आरामात जाते.

पण भावा खरं सांगतो, नुसते पाटे वर घेतले की झालं असं जो म्हणतो त्याच्याकडं गाडी देऊ नको. हाउसिंगवर पाट्यांच्या नव्या बैठका वेल्ड कराव्या लागतात आणि त्या कुठल्या अँगलला बसवायच्या त्यावर सगळं अवलंबून, एकदा वेल्ड झाली की डिफचं तोंड जिकडं बघतंय तिकडंच बघणार. ड्रॅग लिंक (स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणारा दांडा) पाट्याला धडकते म्हणून ती वाकडी झेडसारखी करावी लागते नाहीतर नकलवरनं (चाक ज्यावर वळतं तो सांधा) सगळं स्टिअरिंग वर घ्यावं लागतं, आणि ही लिंक कुणाकडनं पण वेल्ड करून घ्यायची गोष्ट नव्हे, ती तुटली तर हातात नुसतं चाक राहतंय. ब्रेकचे होज लांब, प्रॉपेलर शाफ्ट (गिअरकडनं डिफला फिरवणारा दांडा) लांब, शॉकअप वेगळे. ह्यातलं एक जरी राहिलं तरी पाच इंच वर गेलेली गाडी खाली यायला वेळ लागत नाही. आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की पाटे एस आकारात पिळतात, हाउसिंग उड्या मारतंय, ते धरून ठेवायला वेगळा टॉर्क रॉड टाकावा लागला.

माझी गाडी स्पर्धेसाठी आहे, हायवेला मी ती ८० च्या वर नेत नाही. आईला बसवायची असेल तर माझं मत दोन इंच लिफ्टच.

घाटमाथा_फोरबायफोर
रांगड्याच्या प्रत्येक शब्दाशी सहमत, फक्त एक भर. जिप्सी अरुंद गाडी, वर पॉवर स्टिअरिंग नाही. पाच इंच वर गेली की घाटात आडव्या उतारावर जे पोटात गोळा येतं ते अनुभवल्याशिवाय कळत नाही. ३१ चे टायर पार्किंगमध्ये वळवून दाखवा मग बोलू. आणि ८० बीएचपीचं पेट्रोल इंजिन, त्याला खालचा टॉर्क तसाही कमी. ३१ इंच म्हणजे कंपनीच्या टायरपेक्षा जवळजवळ १८ टक्के मोठा, पाचवा गिअर शोभेचा होतो आणि चढाला चौथ्यात पण धापा टाकते. वर ब्रेक तेच जुने.

मूळ प्रश्न चाकोरीचा आहे ना, मग उंचीपेक्षा पाट्यांचा लोच बघा. चाकं खाली वर होऊन जमिनीला टेकून राहिली तर गाडी पुढं जाते. उंच पण कडक गाडी एक चाक हवेत उचलते, आणि दोन्ही डिफ ओपन (लॉक न होणारे) असल्यामुळे त्या हाउसिंगची ताकद हवेतल्या चाकात वाया जाते. मग तुम्ही पाच इंच वर बसून तेच बघत बसणार.

वेल्हेकर_जिप्सी
बापरे, एवढं डोक्यातच नव्हतं. रविवारी मोजलं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये टेप घेऊन पालथा पडलेलो बघून वॉचमनला वाटलं काहीतरी हरवलं.

पुढं डावीकडच्यापेक्षा उजवी बाजू २२ एमएम खाली, मागं १७ एमएम खाली. टाकी अर्धी. अजून एक दिसलं, पुढच्या उजव्या पाट्याची मेन लीफ जवळजवळ सरळ झालीय, कमान राहिलेलीच नाही, आणि शॅकल पार झोपल्यासारखं दिसतंय. सगळ्यात खालच्या दोन पाट्यांच्या टोकांनी वरच्या पाट्यात खाच पाडलीय, बोट फिरवलं की नख अडकतं. बुशमधून रबर बाहेर आलंय. मग हेच पाटे तापवून चालतील का? तो माणूस चांगला आहे, ट्रकची कामं वर्षानुवर्षं करतोय.

पाटे_आणि_चहा
नख अडकेल अशी खाच असेल तर त्या पाट्याची गोष्ट संपली. तिथूनच तडा जातो. असा पाटा कमान देऊन परत लावणं म्हणजे तुटायची जागा आपणच ठरवून देणं.

तापवण्याबद्दल. पाट्याच्या स्टीलला विशिष्ट पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) असतं. भट्टीत लाल करून वाकवलं आणि तसंच थंड होऊ दिलं की ते पाणी उतरतं, कमान दिसायला झकास येते आणि एका पावसाळ्यात परत बसते. नीट करणारा माणूस तापवल्यावर तेलात बुडवून परत टेम्पर करतो, नाहीतर थंड पाट्यालाच हातोड्याने किंवा प्रेसखाली थोडी थोडी कमान देतो. तुमचा माणूस यातलं काय करतो ते विचारा. पण तुमचे पाटे घासलेले आहेत त्यामुळे विचारायची पण गरज नाही, नवीनच घ्या.

नवीन घेताना दोन रस्ते. एक म्हणजे कंपनीसारखाच बहुपाटी सेट पण दीड-दोन इंच जास्त कमान असलेला. स्वस्त, कुठेही दुरुस्त होतो, पण सुरुवातीला कडक वाटतो. दुसरा पॅराबोलिक, म्हणजे कमी पाटे, प्रत्येक पाटा मध्यात जाड आणि टोकाकडे पातळ होत गेलेला, आणि पाटे एकमेकांना फक्त मध्यात आणि टोकाला टेकतात. आपसात घासत नाहीत म्हणून खड्ड्यात गाडी नरम चालते, चाकं पण जास्त खाली-वर होतात. महाग आहेत, आणि मागं सतत पोती भरून नेणार असाल तर घेताना वजन सांगून घ्या. जुन्या सेटमध्ये एक जादा पाटा घुसवणं हा तिसरा रस्ता, उंची येते पण गाडी बैलगाडीसारखी आपटते, आई दुसऱ्यांदा बसणार नाही.

लांब शॅकलचं गणित पण सांगतो कारण ते कुणी सांगत नाही. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असतं त्यामुळे शॅकल जेवढं लांब कराल त्याच्या निम्मीच उंची मिळते. एक इंच गाडी वर हवी तर शॅकल दोन इंच लांब हवं. आणि जिप्सीत पुढच्या पाट्यांचं शॅकल पुढच्या टोकाला, म्हणजे ते लांब केलं की पाट्याचं पुढचं टोक खाली येतं, सगळं हाउसिंग पुढं झुकतं आणि कॅस्टर (चाक ज्यावर वळतं त्या आसाचा मागचा कल) कमी होतो. मग स्टिअरिंग वळवल्यावर आपोआप सरळ येत नाही, हायवेला गाडी इकडं तिकडं भटकते. अर्धा-पाऊण इंच लांब ठीक आहे, त्यापुढं डोकेदुखी.

अजून एक, कुणी 'लिफ्ट ब्लॉक' विकायला आला तर पळ काढा. जिप्सीत पाटे हाउसिंगच्या खाली आहेत, मधे ठोकळा टाकला तर पाटा अजून खाली जातो आणि त्याच्याबरोबर गाडी पण. लिफ्टच्या नावाखाली गाडी बुटकी करून मिळेल.

गिअरवाली_मावशी
सगळे पाट्यांवरच बोलताय म्हणून मी बाकीचं सांगते. आमच्या घरी दोन जिप्सी आहेत, दोन्हीचं काम अंगणात समोर उभं राहून करून घेतलंय.

पाटे बसवून झाल्यावर गॅरेजमधून निघायच्या आधी एक गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. चॅसिसखाली जॅक लावून गाडी उचलायला सांगा (हाउसिंगखाली नाही, चॅसिसखाली, आणि घोडे, म्हणजे टेकूचे स्टँड, लावल्याशिवाय कुणी खाली जायचं नाही), दोन्ही चाकं पूर्ण लोंबकळू देत. मग खाली टॉर्च मारून बघा. ब्रेकचा होज ताणला गेलाय का? स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा आणि परत बघा, कारण सरळ चाकाला ढिला दिसणारा होज पूर्ण वळणात ताणतो. डिफच्या ब्रीदरची (हवा जायची) नळी बघा, ती तशीही वर नेऊन बांधा म्हणजे ओढ्यात पाणी शिरणार नाही. मग प्रॉपेलर शाफ्टचा सरकणारा भाग बघा, तो किती बाहेर आलाय आणि आत किती शिल्लक आहे. थोडासाच आत उरला असेल तर एखाद्या मोठ्या खड्ड्यात तो निसटू शकतो. त्यावर मेस्त्री 'काही होत नाही मॅडम' म्हणाला तर त्यालाच शेजारी बसवून खड्ड्यातून न्यायचं.

शॉकअप लांब घ्यावेच लागतात. पाटे दोन इंच वर आणि शॉकअप जुनेच ठेवले तर चाक खाली जाताना शॉकअप आधी संपतो, मग प्रत्येक खड्ड्यात ठक् ठक् आवाज आणि थोड्याच दिवसांत तेल गळायला लागतं. आणि लांब शॉकअप घेतला की बंप स्टॉप (हाउसिंग वर आपटू नये म्हणून असलेला रबरी ठोकळा) पण उंच करायचा, नाहीतर उलट बाजूने तो पूर्ण दबून आपटतो. हे दोन्ही जोडीने करायचं.

पाट्यांच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. हवेत असताना आवळले की रबर बुश त्याच स्थितीत पकडला जातो आणि गाडी खाली उतरल्यावर कायम पिळलेला राहतो, मग चार-सहा महिन्यांत फाटतो. यू बोल्ट (पाटे हाउसिंगला आवळणारे) जुने परत वापरू नका, नवीन घ्या, आणि पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरनंतर परत आवळून घ्या. नवीन पाटे बसतात, यू बोल्ट ढिले होतात, पाट्यांच्या मधल्या सेंटर बोल्टवर जोर येतो आणि तो तुटला की हाउसिंग तिरकं.

थारवाला_१४
विषयांतर करतो, माफी. माझी २०१४ ची थार सीआरडीई आहे. मागं पाटे आहेत पण पुढं टॉर्शन बार (पिळून स्प्रिंगचं काम करणारा दांडा). एक जण म्हणाला खालून बोल्ट फिरवला की पुढून दोन-तीन इंच फुकटात उचलता येते. खरं का?

घाटमाथा_फोरबायफोर
उचलता येते हे खरं, फुकटात हे खोटं. बोल्ट फिरवून तुम्ही फक्त गाडी उभी राहायची जागा बदलता, चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. जेवढी वर घ्याल तेवढं चाकाला खाली जायला कमी उरतं. मग स्पीड ब्रेकरवरून उतरताना धाडकन आवाज येतो, ड्राइव्ह शाफ्टचे सांधे तिरके चालतात, त्यांचे रबर बूट फाटतात. मागचे पाटे बसल्यामुळे पुढून नाक वर दिसत असेल तर आधी मागचं बघा. पुढं इंचभर बास, आणि नंतर अलाइनमेंट नक्की करा. बाकी वेगळा धागा काढा, इथं वेल्हेकरांना वाहू द्या.

हेलपाटे_आरटीओचे
गाडीबद्दल मला काही कळत नाही पण कागदाबद्दल कळतं म्हणून. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदवलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टाने पण हेच सांगितलं की कंपनीने मंजूर करून घेतलेल्या मूळ स्वरूपाच्या विरुद्ध बदल चालणार नाही. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर १८२ए कलमात प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही असं आलंय. घासलेले पाटे बदलून नवे टाकणं आणि हाउसिंगवर वेल्डिंग करून गाडी पाच इंच वर नेणं ह्या दोन्हीकडे इन्स्पेक्टर एकाच नजरेने बघत नाही हा भाग वेगळा. तुमची २००४ ची म्हणजे दर पाच वर्षांनी नूतनीकरणाला गाडी दाखवावी लागणारच. आणि अपघात झाला तर इन्शुरन्सवाला सर्वेअर पाठवतो, तो पहिले फोटो खालूनच काढतो. निर्णय तुमचा.

कोल्हापूरचा_रांगडा
हे वाचून मी माझी गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवलीय 🙈

वेल्हेकर_जिप्सी
सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: पॅराबोलिक दोन इंची सेट चारही बाजूला, लांब शॉकअप, बंप स्टॉप, नवीन यू बोल्ट, ब्रेक होज सगळे नवे (तसेही २१ वर्षांचे झालेत). टायर २१५/७५ आर१५. २३५ चा मोह होतोय पण पॉवर स्टिअरिंग नाही आणि आई म्हणाली होती की मंडईत पार्किंग करताना तुझा चेहरा आत्ताच बघवत नाही. शॅकल कंपनीच्याच मापाचे नवे. आणि त्या रस्त्यावरच्या मधल्या उंचवट्याचं काय करायचं ते ट्रॅक्टरवाल्याशी बोललोय, तो मे महिन्यात ब्लेड मारून देतो म्हणाला, डिझेल माझं.

शेवटचा प्रश्न. सेटवाला म्हणतो कॅस्टरसाठी पाचर पण देतो, आत्ताच लावून टाका. लावू का? आणि तिची जाड बाजू कुठं करायची? त्यालाच नक्की माहीत नव्हतं.

पाटे_आणि_चहा
आत्ता लावू नका. नुसत्या जास्त कमानीच्या पाट्यांनी कॅस्टर फारसा हलत नाही, तो जातो मुख्यतः लांब शॅकलने. पाटे बसवा, आठवडाभर चालवा, बसू देत, मग अलाइनमेंटच्या मशिनवर कॅस्टरचा आकडा काढून घ्या. स्टिअरिंग व्हील मधे येत नसेल तर ते पाचरीचं काम नाही, ड्रॅग लिंक तिरकी झाली की व्हील एका बाजूला जातं, लिंकची लांबी ॲडजस्ट करून मधे आणा, व्हील उपटून परत बसवू नका.

आकडा खरंच कमी आला तरच पाचर. तुमचे पाटे हाउसिंगच्या खाली आहेत, म्हणजे पाचर पाट्याच्या वर आणि बैठकीच्या खाली बसणार, तिची जाड बाजू पुढं, बंपरकडे. म्हणजे हाउसिंग वरून मागं झुकतं आणि कॅस्टर वाढतो. रांगड्याच्या गाडीत पाटे वर आहेत त्यामुळे त्याचं बरोबर उलटं, त्याच्याकडचा फोटो बघून लावू नका. स्टीलची घ्या, ॲल्युमिनियमची दबते आणि फुटते, आणि जाडी वाढली म्हणून सेंटर बोल्ट पण लांब लागेल तो विसरू नका. पाचर लावली की पुढच्या डिफचं तोंड थोडं खाली जातं, पुढच्या शाफ्टचा अँगल बिघडतो, फोर व्हीलमध्ये जोरात नेली तर थरथर जाणवेल. फोर व्हीलमध्ये तुम्ही चिखलात पंधरा-वीसनेच चालवणार, तेवढं चालतं.

गिअरवाली_मावशी
आणि स्पेअर व्हील पण २१५ चाच घ्या हो, पैसे वाचवायला चारच घेतात लोक. जुना २०५ एका बाजूला लावून फोर व्हील टाकली की पुढचं-मागचं जुळत नाही, पक्क्या रस्त्यावर ट्रान्सफर केस अडकून बसते आणि लिव्हर निघता निघत नाही.